तीन वेळा ‘नाही’

आमच्या सांगलीत पहिले तीन महिने कुठल्याच बाईला दिवस गेलेले नसतात. तिला पित्त झालेलं असतं, ऊन बाधलेलं असतं, कुठल्या तरी लग्नातलं जेवण पचलेलं नसतं. समोरच्या बाईला सगळं कळत असतं. पण तिनंही आपल्या वेळी पित्तावरच भागवलेलं असतं, म्हणून ती दोन लिंबं आणून देते आणि पुढचं विचारत नाही. चौथा महिना लागला की मग पेढे. हा रिवाज मला कधी खटकला नाही. एरवी मला खोटं बोलणाऱ्यांची चीड आहे, आणि त्या चिडीवर तर माझं पोट चालतं.

मी केतकी चौगुले. हळदीच्या बाजारात नमुने तपासते. सौद्याआधी पोत्यात टोकदार नळी खुपसायची, आतली हळद काढायची आणि ओल किती, रंग किती, भेसळ आहे की नाही ते सांगायचं. व्यापारी आईची शपथ घेतात, मी नळी खुपसते. पोतं न उसवता आतलं कळतं. त्यामुळे डॉ. अस्मिता मगदूम यांनी मला माझं ऑपरेशन समजावून सांगितलं, तेव्हा ते मला लगेच पटलं.

माझ्या गर्भाशयात गाठी होत्या. पाळी आली की मी बाजारात जाडजूड काळा ड्रेस घालून जायची आणि तरी खुर्चीवरून उठताना आधी मागे बघायची. रक्त इतकं कमी झालं होतं की जिना चढताना मध्ये थांबायला लागायचं. लग्नाला सहा वर्षं झाली होती. एकदा दिवस राहिले होते, ते गाठींमुळे टिकले नाहीत. माझ्या सासूबाईंना, म्हणजे आईंना, हाच त्रास होता आणि त्यांच्या वेळी डॉक्टरांनी सरळ पिशवी काढून टाकली होती. “माझा निनाद आधी झालेला होता म्हणून बरं,” त्या म्हणायच्या. “तुझी पिशवी मी काढू देणार नाही.”

मगदूम मॅडमनी कागदावर एक पेरू काढला आणि म्हणाल्या, हे गर्भाशय. आधी पोट फाडून गाठी काढायचे, मग पोटाला तीन-चार भोकं पाडून, आता खालच्या वाटेनंच बारीक दुर्बीण घालून, कुठेही टाका न घालता. बाई संध्याकाळी घरी. अडचण एवढीच की गाठ पुन्हा उगवते. प्रत्येक गाठ एकाच बहकलेल्या पेशीपासून वाढते. ती पेशी आपल्यासाठी नव्या रक्तवाहिन्या ओढून घेते आणि त्यावर पोसते. डोळ्यांना दिसेल एवढी झाली की पुन्हा ऑपरेशन.

“आता आम्ही गाठी काढून झाल्यावर तिथे राखण पेरतो,” मॅडम म्हणाल्या.

राखण म्हणजे हळदीच्या पुडीहून बारीक कण. प्रत्येक कण म्हणजे एक छोटं यंत्र. ते गर्भाशयाच्या स्नायूत बसून राहतात आणि फक्त एकच गोष्ट बघतात: कुठे पेशी भराभर वाढतायत आणि स्वतःसाठी रक्त वळवून घेतायत का. तसं दिसलं की आजूबाजूचे कण त्या जागी गोळा होतात आणि तिथल्या रक्तवाहिन्यांची तोंडं बंद करतात. गाठ उपाशी मरते. बाईला पत्ताही लागत नाही, फार तर एखादी पाळी जड जाते.

मी नमुने तपासणारी बाई. मी विचारलं, “मॅडम, पोटात मूल राहिलं तर? तेही वाढणारच, तेही रक्त ओढणारच.”

“बरोब्बर,” त्या खूश झाल्या. “सुरुवातीच्या आठवड्यांत कणांना दोन्हींतला फरक कळत नाही. आधी त्यांना गरोदरपणाचं संप्रेरक ओळखायला शिकवलं होतं. पण मूल राहावं म्हणून ज्या बायका इंजेक्शनं घेतात त्यांच्या रक्तात तेच संप्रेरक सापडतं. कण फसले, बंद पडले आणि एकदा बंद पडले की ते विरघळून जातात. त्या बायकांच्या गाठी परत आल्या. शेवटी बनवणाऱ्यांनी सगळ्यात सोपा उपाय केला. बाईलाच विचारायचं.”

तर असं होतं. फोनमधून एक गोड आवाज अधूनमधून विचारणार: झोप कशी आहे, रक्तस्राव किती, आपण गरोदर आहात का. कणांना काही संशयास्पद सापडलं तर खात्रीसाठी घरातल्या आणखी दोघांना विचारणार. ते दोघं कोण हे मी ठरवायचं. मी निनादचं आणि आईंचं नाव दिलं. माझ्या ‘हो’शिवाय कण बंद करायचा अधिकार खुद्द मॅडमनासुद्धा नव्हता. तसा कायदाच झालेला आहे, बाईच्या शरीरातलं काहीही तिच्या शब्दाशिवाय कुणी चालू करायचं नाही आणि बंदही करायचं नाही. मला तो कायदा फार आवडला होता.

ऑपरेशन झालं. संध्याकाळी मी घरी येऊन पिठलं-भाकरी खाल्ली. पुढच्या दोन-तीन पाळ्यांत मी पांढरा ड्रेस घालून बाजारात गेले, केवळ मिजास म्हणून.

आणि चैत्रात माझी पाळी चुकली.

घरीच तपासणी केली आणि दोन रेघा घेऊन मी स्वयंपाकघरात गेले. आई कैरी किसत होत्या. त्यांनी त्या रेघांकडे बघितलं, हात पदराला पुसले आणि माझ्या तोंडावरून हात फिरवून कानशिलावर बोटं मोडली. मग एकदम घाबऱ्या झाल्या.

“कुणाला बोललीस?”

“आत्ता तर कळलंय, आई.”

“निनादला सांग. बास. तुझ्या आईलाही नको. फोनवर तर अजिबात नको. तीन महिने जाऊ देत गं, मग मी सांगली-मिरजेत पेढे वाटते.”

“मॅडमना सांगायला लागेल. ते कण—”

“त्यांना सांग की. डॉक्टरला कोण नको म्हणतंय. जाऊन, दार लावून सांग.”

त्यांचं चुकलं असं मला तेव्हा वाटलं नाही आणि आजही म्हणवत नाही. निनादच्या आधी त्यांचं एक गेलं होतं. ते त्यांनी दुसऱ्याच महिन्यात कौतुकानं सगळ्या भावकीत सांगितलं होतं, आणि नंतर वर्षभर भावकी त्यांना विचारत राहिली, मग काय झालं, कसं काय गेलं. ते सगळं माझ्या वाट्याला येऊ नये एवढंच त्यांना हवं होतं. मॅडम परगावी गेल्या होत्या. त्या सोमवारी दवाखान्यात बसणार म्हणून मी सोमवारची वेळ घेतली.

शनिवारी आमच्याकडे चैत्रगौरीचं हळदीकुंकू होतं. गौर पाळण्यात बसवलेली, पुढे कलिंगड कोरून ठेवलेलं, आंब्याची डाळ, पन्हं, भिजवलेले हरभरे. हॉलभर बायका. मी पन्ह्याचा ट्रे घेऊन फिरत होते आणि माझा फोन टेबलावर होता. तो वाजला आणि तो गोड आवाज सगळ्यांच्या देखत बोलायला लागला. त्याला मधूनच गप्प करता येत नाही. आजारी बाईला बटणं दाबायला लागू नयेत म्हणून तशी सोय केलेली आहे.

“नमस्कार केतकीताई. झोप नीट लागते का?”

“लागते,” मी ट्रे धरून म्हणाले. बायका हसायला लागल्या.

“रक्तस्राव?”

“नाही.”

“आपण गरोदर आहात का?”

हॉलमध्ये पन्ह्याचा घोट घेतल्याचा आवाज येईल इतकी शांतता झाली. समोरच्या कुलकर्णीकाकू ग्लास ओठाला लावून माझ्याकडे बघत होत्या. पलीकडच्या बिरनाळेवहिनींनी हरभरे चघळायचे थांबवले. आई पाळण्याशी उभ्या होत्या, त्यांनी फक्त डोळे मिटले.

“छे,” मी म्हणाले. “काही नाही तसलं. पित्त झालंय नुसतं.”

“धन्यवाद, केतकीताई,” आवाज म्हणाला. बायका पुन्हा बोलायला लागल्या. कुलकर्णीकाकू जाताना दारात म्हणाल्या, “उद्या लिंबं पाठवते.” मी आणि आई स्वयंपाकघरात जाऊन पोट धरून हसलो. त्या यंत्राला मी काय सांगितलं हे माझ्या डोक्यातसुद्धा नव्हतं. मला वाटत होतं की मी कुलकर्णीकाकूंना उत्तर दिलं.

रविवारी दुपारी मला रक्त गेलं.

निनादनं गाडी कशी चालवली मला आठवत नाही. आई मागच्या सीटवर माझं डोकं मांडीवर घेऊन बसल्या होत्या. मगदूम मॅडम तासाभरापूर्वीच परत आल्या होत्या, तशाच प्रवासाच्या साडीत धावत आल्या. त्यांनी सोनोग्राफीची दांडी पोटावर फिरवली, मग पुन्हा फिरवली, मग पडदा माझ्याकडून थोडा पलीकडे वळवला.

“केतकी, तुम्ही गरोदर होतात?”

मी ‘होतात’ ऐकलं आणि बाकीचं मला कळलं. मी मॅडमच्या साडीचा काठ धरून ठेवला आणि तो मला सोडवेना.

मॅडमनी त्याच पडद्यावर कणांची नोंद उघडली. त्यांनी ती मोठ्यानं वाचली, कारण मी वाचा म्हणाले. शनिवारी सकाळी कणांना एका जागी वाढ सापडली. बाईला विचारलं, ती नाही म्हणाली. थोड्या वेळानं नवऱ्याला विचारलं. तो नाही म्हणाला. मग सासूला विचारलं. ती नाही म्हणाली. संध्याकाळी कणांनी काम सुरू केलं.

मी निनादकडे बघितलं. तो भिंतीला टेकून उभा होता.

“मी दुकानात होतो,” तो म्हणाला. “अण्णाकाका, संतोष, सगळे बसलेले. तो आवाज म्हणाला, तुमच्या पत्नी गरोदर आहेत का. मी... आईनं सांगितलं होतं कुणाला बोलायचं नाही.”

“आणि मी आरतीच्या तयारीत होते,” आई म्हणाल्या. “बायका होत्या ना अजून.” त्यांचा आवाज फारच लहान झाला होता. “मला वाटलं, ते मेलं सगळ्या गावाला विचारत सुटलंय.”

या जगात ते मूल तिघांना हवं होतं. त्या तिघांनाच यंत्रानं विचारलं आणि तिघंही नाही म्हणालो. बाजारात कुणी तीन वेगवेगळे नमुने आणून दिले असते आणि तिन्हींचा निकाल एकच आला असता तर मीसुद्धा शंका न घेता सही केली असती. त्या यंत्राला मी दोष कसा देऊ हे मला कळेना, आणि दोष द्यायला दुसरं कुणी सापडेना.

तेवढ्यात माझ्या पर्समधला फोन बोलला.

“अभिनंदन, केतकीताई. नवी वाढ पूर्णपणे आटोक्यात आली आहे.”

आईंनी तो फोन पर्ससकट उचलला आणि खोलीबाहेर नेऊन ठेवला. मग परत येऊन माझ्या पायाशी बसल्या. त्या माझ्या पायांना हात लावायला गेल्या आणि मी पाय ओढून घेतले. सासूनं सुनेच्या पायाला हात लावायचा नसतो म्हणून ओढले, की मला त्यांचा स्पर्श नको होता म्हणून, हे मलाच कळलं नाही. निनाद त्यांना धरून बाहेर घेऊन गेला.

खोलीत मी आणि मॅडम राहिलो. मॅडम अजून पडद्याकडे बघत होत्या. त्या माझं दुःख विसरल्यात आणि त्यांना दुसरंच काहीतरी दिसतंय असं वाटलं.

“मॅडम?”

“मी परवाच्या परिषदेत भाषण करून आले,” त्या हळूच म्हणाल्या. “आपल्या भागात गाठी फार लवकर परत उगवतात आणि राखण त्या फार छान जिरवते, असं सांगून आले. इतर देशांत एवढं होत नाही. आम्ही पाण्याची तपासणी केली, खतांची केली. मला टाळ्या मिळाल्या, केतकी.”

मला आधी कळलंच नाही. मग कळलं. किती बायका, किती घरं, कुठल्या कुठल्या हॉलमध्ये आणि दुकानांत आणि शेताच्या बांधावर तो गोड आवाज बोलला असेल, आणि आजूबाजूला माणसं असतील. त्या सगळ्या म्हणाल्या असतील, छे, काही नाही तसलं. नंतर एक जड पाळी आली असेल. कुणाला काही सांगितलंच नव्हतं, तर काय गेलं हे तरी कुणाला सांगणार.

“बंद करा ते,” मी म्हणाले. “सगळ्यांचं बंद करा.”

“मला येत नाही बंद करता. तुम्हाला माहितीय. प्रत्येक बाईनं स्वतः सांगायला हवं. मी कंपनीला आत्ता कळवते, पण रविवार आहे, तिकडे कोण—” आणि त्या थांबल्या. पडद्यावर एका कोपऱ्यात मॅडमच्या दुसऱ्या एका पेशंटची नवी ओळ आली होती. कवठे महांकाळजवळच्या एका गावातली बाई, दीपाली. वाढ सापडली. बाई नाही म्हणाली, नवरा नाही म्हणाला. सासूचं उत्तर यायचं बाकी.

मॅडमनी तिचा नंबर लावला. मीच म्हणाले, मलाही ऐकू येईल असा ठेवा.

मागे खूप माणसं होती. भांडी वाजत होती, लहान मुलं ओरडत होती, कुणीतरी वाढपाची गडबड करत होतं.

“दीपाली, मी डॉक्टर मगदूम बोलतेय. मला एकच सांगा. तुम्हाला दिवस गेलेत का?”

“न्हाई ओ मॅडम,” मुलगी हसून म्हणाली. “तसलं काय न्हाई. जरा पित्त झालंय.”

मॅडमनी सुस्कारा टाकला आणि माझ्याकडे बघून मान हलवली. म्हणजे बहुधा खरीच गाठ असेल, असं. कण बंद केले तर हिचं पुन्हा रक्त जाईल, ती ऑपरेशनला आली तेव्हा जेमतेम उभी राहत होती. एवढं सगळं त्या एका मान हलवण्यात होतं.

पण मी तो ‘न्हाई’ ऐकला होता. तो जरा जास्तच लवकर आला होता आणि त्याच्या मागे लगेच हसू होतं. मी उठून बसले. पोटात कळ आली. मी मॅडमच्या हातातून फोन घेतला.

“दीपाली, मी केतकी. मॅडमची पेशंट. माझ्याही पोटात तेच कण आहेत. काल आमच्याकडे हळदीकुंकू होतं. त्या यंत्रानं बायकांच्या देखत विचारलं आणि मी म्हणाले, पित्त झालंय.”

पलीकडे भांडी वाजत राहिली.

“माझं गेलं,” मी म्हणाले. “कणांनी ते गाठ समजून मारलं. कारण मी नाही म्हणाले. माझा नवरा नाही म्हणाला. माझी सासूपण नाही म्हणाली. आता तुमच्या सासूला विचारतील. त्या काय म्हणतील?”

मग चपला ओढल्याचा आवाज आला, दार लावल्याचा आला. मागचा गलका कमी झाला.

“हाय,” ती इतकं हळू म्हणाली की मला कान लावायला लागला. “कुणाला सांगू नका हं ताई.”

मॅडमनी घाईघाईनं कणांचा आवाज त्याच फोनला जोडला.

“नमस्कार दीपालीताई,” तो गोड आवाज म्हणाला. “आपण गरोदर आहात का?”

“हाय,” ती कुजबुजली.

“क्षमा करा, आवाज ओळखता आला नाही. कृपया स्पष्ट बोला.”

“हो. हाय.”

“क्षमा करा, आवाज ओळखता आला नाही.”

“ताई, मोठ्यानं कसं बोलू?” ती रडकुंडीला आली. “दाराला फटी हायत. समदी पंगतीत बसल्यात. सासूबाई दारातच हायत. त्या म्हनल्यात तीन महिनं—”

“माहितीय,” मी म्हणाले. “माझ्याही म्हणाल्या होत्या. माझ्या सासूबाई बाहेर बाकावर बसल्यात, आणि मला आत्ता त्यांच्याकडे बघवत नाही. तू तुझ्या सासूवर ती वेळ आणू नकोस. ओरड.”

ती ओरडली. “मला दिवस गेल्यात. व्हय, गेल्यात.”

मागचा सगळा गलका थांबला. भांडी थांबली, मुलंसुद्धा थांबली. पडद्यावरचे कणांचे ठिपके एकेक करून विझायला लागले. मॅडम पुटपुटत त्यांच्याकडे बघत होत्या. मग पलीकडे दार उघडलं आणि एक म्हातारा बायकी आवाज फोनच्या अगदी जवळ आला.

“अगं ए, कुणाला सांगतीयास?”

दीपाली रडत होती, तिला बोलता येईना. म्हणून मीच म्हणाले, “यंत्राला सांगतेय, आजी. आता तुम्हालाही विचारेल ते. तुम्ही पण हो म्हणा.”

“बया,” म्हातारी म्हणाली, आणि तशीच मोठ्यानं, भरल्या पंगतीला ऐकू जाईल अशी म्हणाली, “व्हय बाबा. व्हय. हाय आमची सून गरवार.”

मी फोन मॅडमच्या हातात दिला आणि भिंतीला धरत धरत दारापर्यंत गेले. बाहेर बाकावर आई बसल्या होत्या, मांडीवर माझी पर्स धरून. मी त्यांच्या शेजारी बसले. समोरच्या बाकांवर रविवारच्या भेटीला आलेली बरीच माणसं होती, त्यांत कुलकर्णीकाकूंची धाकटी जाऊपण होती, आमच्याकडे पोचवायच्या लिंबांच्या पिशवीसकट. तिनं विचारलं, “काय गं केतकी, बरं नाही का?”

आईंनी तोंड उघडलं. त्या काय म्हणणार हे मला ठाऊक होतं, म्हणून मी त्यांचा हात धरला.

“मला दिवस गेले होते,” मी म्हणाले. “आज ते गेलं.”